गुण आला, पण औषधानेच आला का?

"डॉक्टर, शेजाऱ्यांना त्या औषधाने गुण आला, मलाही द्या ना!" असे रुग्ण नेहमी म्हणतात. पण बरेच आजार आपोआपही बरे होतात. मग श्रेय कोणाचे? यासाठीच चाचणीत चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्णांचे दोन गट करतात. दोघांना नेहमीचे उपचार, नवे औषध मात्र एकालाच.

कोरोनात प्लाझ्मासाठी नातेवाईकांची किती धावपळ झाली! आयसीएमआरने ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर अशी चाचणी घेतली. प्लाझ्माने ना आजार बळावणे थांबले, ना मृत्यू कमी झाले. हे २०२० मध्येच कळले होते. अधिकृत उपचारांतून प्लाझ्मा वगळला गेला मे २०२१ मध्ये. तोवर दुसऱ्या लाटेतही धावपळ चालूच राहिली.

उलट, स्वस्तातल्या डेक्सामेथासोनने ऑक्सिजन लागणाऱ्यांचे मृत्यू कमी झाले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र फायदा दिसला नाही. हेही ब्रिटनमधल्या अशाच चाचणीने दाखवले.

माझे स्पष्ट मत आहे : चाचणीचा निष्कर्ष कागदावर राहिला, तर त्याची किंमत रुग्ण मोजतो. म्हणून नवे औषध सुचवले की जरूर विचारा, "याची तुलना कशाशी केली? माझ्यासारख्या रुग्णांना फायदा झाला का?" असे विचारल्यावर डॉक्टरांनी रागावू नये. उत्तर देणे हा उपचाराचाच भाग आहे.