हिरव्या सुईच्या आत

झाडाची प्रकृती ठरवण्याची आपली कसोटी फार सोपी असते: ते हिरवे आहे का? पाइन, स्प्रूस, फर या सूचिपर्णी वृक्षांच्या बाबतीत तर ती अधिकच भरवशाची वाटते, कारण त्यांच्या सुया हिवाळ्यातही हिरव्या असतात आणि झाडावर कित्येक वर्षे टिकतात. परंतु त्या सुईत झाडाखेरीज आणखीही कोणी वस्तीला असते हे कळले, की ही कसोटी अपुरी वाटू लागते. प्रदूषणाचा हिशेब आपण जिथे थांबवतो तिथे तो संपत नाही, असे माझे म्हणणे आहे.

१८६६ साली दोन गोष्टी घडल्या. पॅरिसमध्ये नीलांदेर या फिनिश अभ्यासकाने लक्झेंबर्ग उद्यानातील झाडांवरची दगडफुले पाहून, ती शहराच्या हवेची शुद्धता सांगतात, असे मत मांडले. त्याच वर्षी आंटोन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने वनस्पतीच्या आत राहणाऱ्या जिवांसाठी ‘एंडोफाइट’ ही संज्ञा वापरली; आपण त्यांना अंतर्वासी म्हणू. एकाची नजर सालीवर होती, दुसऱ्याची पेशींच्या आत. सालीवरचे डोळ्यांना दिसत होते म्हणून त्यातून हवा पारखण्याची एक पद्धतच उभी राहिली. आतल्या रहिवाशांकडे मात्र पुढची शंभर वर्षे फारसे कोणी वळले नाही.

१९७० च्या दशकात अमेरिकेच्या वायव्य भागात जॉर्ज कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूचिपर्णी वृक्षांच्या निरोगी सुया तपासल्या. पद्धत साधी होती. सुई बाहेरून निर्जंतुक करायची, तिचे तुकडे पोषक द्रव्यावर ठेवायचे आणि वाट पाहायची. आतून बुरशी उगवून येई. डग्लस फरच्या सुयांत राहणारी ‘ऱ्हॅब्डोक्लाइन पार्केरी’ ही बुरशी तर वर्षानुवर्षे एखाद्या पेशीपुरतीच राहते. सुई मरणाला टेकली, की मगच ती पसरते आणि बीजाणू सोडते. झाडाला तोवर तिचा उपद्रव नसतो. उलट सुईवर गाठी आणणाऱ्या माशीच्या अळ्यांना ती मारक ठरते.

ही वस्ती बियांतून वारशाने येत नाही. वसंतात फुटणारी नवी सुई जवळपास रिकामी असते. जुन्या आणि गळलेल्या सुयांतले बीजाणू पावसाच्या थेंबांबरोबर तिच्यावर येतात, ओलाव्यात रुजतात आणि आत शिरतात. म्हणजे पाऊस हीच त्यांची वाट, आणि नेमक्या त्याच वाटेने आम्लही येते. कोळशाच्या आणि धातू गाळणाऱ्या भट्ट्यांच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड पावसात उतरतो तेव्हा तो बीजाणूला त्याच्या सर्वांत नाजूक घटकेला गाठतो. फिनलंडच्या उत्तर टोकाला केवो येथे १९८५ पासून झाडांवर आम्लमिश्रित पाणी शिंपडण्याचा दीर्घ प्रयोग झाला. तिथे तीव्र आम्लाच्या फवाऱ्याखालच्या बर्चच्या पानांत आणि पाइनच्या सुयांत अंतर्वासी बुरश्या घटलेल्या आढळल्या.

इथे भाबडेपणा टाळायला हवा. सगळ्याच बुरश्या झाडाच्या मित्र नसतात. पाइनच्या सुईत निमूट राहणारी ‘सेनँजियम’ झाड दुष्काळाने खंगले की फांद्या वाळवू लागते. शिवाय प्रदूषण सर्वांनाच सारखे मारत नाही. काही जाती हटतात, काही तग धरतात. घर रिकामे होतेच असे नाही, पुष्कळदा भाडेकरू बदलतात. तरीही हा बदल बाहेरून दिसत नाही. सुई हिरवीच असते.

१९८० च्या दशकात मध्य युरोपातील ‘अरण्यमृत्यू’ने जग हादरले. तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकिया, पूर्व जर्मनी आणि पोलंडच्या सीमेवर स्प्रूसचे डोंगरच्या डोंगर उघडे पडले. १९८५ च्या हेलसिंकी कराराने गंधकाचे उत्सर्जन तीस टक्क्यांनी कमी करण्याचे ठरले आणि त्याच सुमारास युरोपभर झाडांच्या शेंड्यांची पाहणी सुरू झाली. तिचे मुख्य माप होते सुया किती गळाल्या. त्या मापाने मोठे काम केले हे मान्यच करायला हवे. पण ज्या सुया उरल्या त्यांच्या आत काय उरले, हा प्रश्न त्या मापात बसत नव्हता.

एवढ्याशा बुरशीने काय बिघडते, असे कोणी विचारील. कॅनडातील न्यू ब्रन्सविकमध्ये याचे उत्तर मिळाले. स्प्रूसच्या सुयांतील एक अंतर्वासी बुरशी रुग्युलोसिन नावाचे द्रव्य तयार करते आणि त्यामुळे सुया फस्त करणाऱ्या अळीची वाढ खुंटते. ही बुरशी तिथल्या रोपवाटिकांतील रोपांत मुद्दाम सोडण्यात आली, कारण अरण्यात पावसाने जे आपोआप दिले असते ते आडोशाला वाढलेल्या रोपाला मिळालेले नसते.

म्हणूनच वृक्षांची निव्वळ मोजदाद मला फसवी वाटते. अंतर्वासी बुरश्या केवळ सूचिपर्णी वृक्षांत नाहीत. जवळपास प्रत्येक वनस्पतीत त्या सापडल्या आहेत. आपल्याकडेही रस्त्यासाठी जुने झाड पाडले की त्याच्या बदल्यात अमुक इतकी रोपे लावल्याचा आकडा पुढे केला जातो. आकडा खरा असेलही. पण जुन्या झाडाबरोबर त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती गेली आणि नवे रोप रिकाम्या घरासारखे उभे राहिले, ही वजाबाकी त्यात कुठेच नसते. दगडफुलांनी आपल्याला हवा वाचायला शिकवली. आता सुईच्या आतही पाहायला हवे, आणि हिरव्या रंगाला आरोग्याचा दाखला मानण्याआधी थोडे थांबायला हवे.