उजेड ओट्यावर हवा
लोणंदची बाजारपेठ कांद्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे कांदा दिवसाउजेडी पारखला जातो, घरी मात्र तोच कांदा स्वतःच्या सावलीत चिरावा लागतो. कारण स्वयंपाकघरातली ट्यूब बहुधा छताला किंवा पाठीमागच्या भिंतीवर असते आणि ओट्यापाशी उभ्या माणसाची सावली नेमकी सुरीवर पडते. डाळीतला खडा, कोथिंबिरीतली अळी दिसायची तर दिवा ओट्यावरच्या कपाटाच्या खालीच हवा. ही श्रीमंतांची हौस आहे, असा आक्षेप घेतला जातो. पण हिशेब वेगळेच सांगतो. मीटरला 10 वॉटची दोन मीटर एलईडी पट्टी रोज चार तास लावली, तरी महिन्याला अडीच युनिटसुद्धा जळत नाहीत. पट्ट्या लवकर जातात, ही तक्रार खरी आहे. मात्र त्यामागे बहुधा उष्णता, वाफ किंवा हलका अडॅप्टर असतो. म्हणून पट्टी ॲल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये, दुधी झाकणाखाली, कपाटाच्या पुढच्या कडेला बसवावी. अडॅप्टर शेगडी आणि सिंकपासून दूर ठेवावा. प्रकाश 4000 केल्विनच्या आसपास आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक) 90 चा घ्यावा, म्हणजे भाजीचा खरा रंग कळतो. दिवाणखान्यातल्या झुंबराआधी हा खर्च करा. घरातली सुरी तिथे नव्हे, ओट्यावर चालते.