मेडिक्लेम आणि मनाचं दुखणं

मंडळी, आपली मेडिक्लेमची पॉलिसी एकदा कपाटातून काढून वाचाच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांना मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखंच धरावं लागतं. मे २०१८ पासून तो लागू आहे. ऐकायला झकास! पण गोम अशी, की बऱ्याचशा साध्या पॉलिसी पैसे देतात ते ॲडमिट झाल्यावर. आता मन बिघडलं म्हणून ॲडमिट होणारे असे किती? बाकीच्यांचा खर्च असतो दर आठवड्याच्या कौन्सेलिंगचा, महिन्याच्या गोळ्यांचा. तो ओपीडीत मोडतो, म्हणजे आपल्याच खिशातून. माणूस पार कोसळेपर्यंत थांबायचं आणि मग बिल भरायचं, हा कुठला न्याय? मला तर ही सरळसरळ पळवाट वाटते.

तेव्हा एजंटला नीट विचारा: ओपीडी कव्हर आहे का, आणि त्यात मानसोपचार धरलेत का. (तो गडबडेल. गडबडू दे.) आधीपासून गोळ्या चालू असतील तर फॉर्मवर स्पष्ट लिहा, लोक काय म्हणतील म्हणून लपवलं, तर पुढे क्लेम अडकतो.

आणि नुसतं कुणाशी बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतूनही बोलतात.