कोबोल जाणणारे कोठे गेले?

एप्रिल २०२० मध्ये बेरोजगारी भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा अमेरिकेतील न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना आवाहन करावे लागले. दोष या १९५९ सालच्या संगणकभाषेच्या वयाला दिला गेला. मला तो अन्याय वाटतो. उणीव जाणकारांची होती. कारभारातील भाषा हुकमाने जात नाही: कंपनी सरकारने १८३७ मध्ये फारसीला राजभाषापदावरून दूर केले, तरी उत्तरेकडील महसुली दप्तरांत खसरा, जमाबंदी आजही नांदतात. रस्टसारखी नवी भाषा मेमरी हाताळणीतील अनेक चुका आधीच रोखते, हे खरेच. पण दहा वर्षांनी ती प्रणाली कोण सांभाळणार? निविदा समित्यांवर मी बसलो आहे. हा प्रश्न तेथे क्वचितच निघे. कंत्राटावर सही होण्यापूर्वी त्यासाठी खात्यातच कायम पदे मंजूर व्हावीत.