विक्रमांचे पुस्तक पोरांच्या हाती द्या

संपादक महोदय,



शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तके निवडायची वेळ आली की विश्वविक्रमांची आणि सामान्यज्ञानाची पुस्तके हमखास बाजूला काढली जातात. ‘लांब नखे आणि अवाढव्य पिझ्झे बघून पोरांना काय मिळणार? त्यापेक्षा थोरांची चरित्रे घ्या,’ असा सूर असतो. बीड जिल्ह्यात आयुष्यभर शिकवल्यावर मी हे मत मानायला तयार नाही. गोष्टीचे पुस्तक दोन पानांत मिटवणारे पोर विक्रमांचे पुस्तक हातातून सोडत नाही. आई-बापाबरोबर ऊसतोडीला जाऊन हंगाम संपल्यावर परतलेली, वाचनात मागे पडलेली मुले तर त्यावर तुटून पडतात. ते कुठूनही उघडता येते, मागचे वाचलेले नसले तरी अडत नाही आणि चार ओळींत एक नोंद पुरी होते.

आणि ही मुले नुसती वाचत नाहीत, मोजायला लागतात. रॉबर्ट वाडलो या अमेरिकन माणसाची उंची 2.72 मीटर होती, हे वाचून माझ्या वर्गाने टेप मागितली. बाकावर चढून भिंतीवर खडूची रेघ ओढली, ती दाराच्या चौकटीच्या पार वर गेली. मग जो तो आपापली उंची त्याखाली लावून घेऊ लागला आणि वजाबाक्या सुरू झाल्या. फळ्यावर कितीदा शिकवूनही पक्का न झालेला दशांश त्या भिंतीपाशी समजला.

या पुस्तकांचा जन्मच मुळी एका वादातून झाला. 1951 साली आयर्लंडमध्ये शिकारीला गेलेल्या ह्यू बीव्हर यांचा मित्रांशी वाद झाला, की शिकारीच्या पक्ष्यांत सर्वांत वेगवान कोणता? उत्तर कुठल्याच पुस्तकात मिळेना. त्यातून 1955 साली गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती निघाली. ‘कशावरून?’ हा प्रश्न मुलांना सहज विचारता यावा, यासाठी याहून सोपे साधन मला ठाऊक नाही.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 3000 मीटर स्टीपलचेस धावतो. या शर्यतीत 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्यावरची उडी. पुरुषांचा अडथळा 91.4 सेंटिमीटर उंच, म्हणजे चौथीतल्या पोराच्या छातीच्या आसपास. गोपाल सैनी यांनी 1981 मध्ये नोंदवलेला 8 मिनिटे 30.88 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम 37 वर्षे टिकला. तो अविनाशने 2018 मध्ये भुवनेश्वरला मोडला आणि पुढे स्वतःचेच विक्रम मोडत 2024 मध्ये पॅरिसला 8 मिनिटे 9.91 सेकंदांपर्यंत खाली आणला. इथिओपियाच्या लामेचा गिरमाचा 2023 चा जागतिक विक्रम 7 मिनिटे 52.11 सेकंदांचा. मधले अंतर 17.80 सेकंदांचे. ‘आपला अविनाश मोठा धावपटू आहे’ या वाक्यात अभिमान आहे, पण या आकड्यांत त्याची मेहनत दिसते. ती मुलांना दिसायला हवी.

दोष आहे तो बाजारात मिळणाऱ्या पुस्तकांचा. स्टँडवर विकल्या जाणाऱ्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांवर अनेकदा सालच छापलेले नसते. जुनीच माहिती नवे कव्हर घालून येते. विक्रम कधी झाला आणि कुणी मोजला, हे न सांगणारे पुस्तक शाळेने घेऊ नये, एवढी अट पुरे आहे. त्यासाठी सगळा प्रकारच मोडीत काढायची गरज नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. पैसे भरून लहान मुलांच्या नावे ‘विक्रमा’ची प्रमाणपत्रे आणि पदके मिळतात, आणि पालक हौसेने ती घेतात. तीन वर्षांच्या बाळाकडून देशांच्या राजधान्या घोकून घ्यायच्या आणि गावात फ्लेक्स लावायचा! त्या बाळाला यातून काहीही मिळत नाही. पालकांनी हे थांबवावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

त्याऐवजी जिल्हा परिषदेच्या शाळांनी मुलांकडूनच बीड जिल्ह्याचे विक्रमांचे पुस्तक लिहून घ्यावे. सामग्रीला तोटा नाही. अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद कापडावर त्यांनी पंचीकरण हा वेदान्तातला विषय ओवीबद्ध लिहिला. सोळाव्या-सतराव्या शतकातला हा संतकवी माझ्या गावचा असूनही इथल्या कितीतरी मुलांना ती पासोडी माहीत नसते. बीडजवळची निजामशाहीच्या काळातली खजाना विहीर आहे, पाटोदा तालुक्यातले नायगावचे मोरांचे अभयारण्य आहे. खाली मान घालायला लावणारी नोंदही त्यात हवी. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात आपल्या जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे 807 मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. मुलांपासून हा आकडा लपवू नये. ज्यांच्याविषयी तो आहे, ती मुले आज वर्गात किंवा कॉलेजात बसलेली आहेत.

प्रत्येक नोंदीखाली कुणी मोजले, कशाने मोजले आणि कोणत्या तारखेला, हे मुलांनी स्वतःच्या हाताने लिहावे. शिक्षण विभागाने येत्या जूनपासून निदान एका केंद्रात हे करून पाहावे. अंबाजोगाईतल्या शाळा तयार असतील, तर पासोडीच्या नोंदीसाठी मुलांबरोबर यायला मी कधीही तयार आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
अंबाजोगाई, जि. बीड