एकाच गाण्याच्या अनेक तबकड्या

कोलकात्याजवळ दमदमला ग्रामोफोन कंपनीचा कारखाना होता. १९६३ नंतरची दोन-तीन वर्षे तिथून बीटल्सची गाणी ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघत होती. ज्या इंग्लंडात ती गाणी जन्मली, तिथून ७८ फेऱ्यांची रेकॉर्ड १९६०च्या सुमारासच हद्दपार झाली होती. तिथल्या तरुणांनी बीटल्स ऐकले ते ४५ आणि ३३ फेऱ्यांच्या व्हिनाइल रेकॉर्डवर. आपल्याकडे मात्र हजारो घरांत अजून चावीचा फोनो होता आणि कितीतरी गावांत वीज पोचायची होती. म्हणून तीच गाणी इथे पडली की फुटणाऱ्या लाखेच्या तबकड्यांवर छापली गेली. आज जगभरचे संग्राहक या भारतीय तबकड्यांच्या मागावर असतात. त्या काळी त्या ज्यांनी घेतल्या, त्यांच्यापैकी बहुतेकांनी त्या कधीच भंगारात घातल्या असतील.

एकाच अल्बमच्या चार-पाच छपाया जमवणारा माणूस घरच्यांना विचित्र वाटतो. गाणे तेच, गायक तोच, मग पुन्हा पैसे कशाला घालायचे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तबकडीच्या मध्यभागी, खाचा संपतात आणि कागदी लेबल सुरू होते त्या गुळगुळीत पट्ट्यात असते. तबकडी उजेडात तिरकी धरली की तिथे बारीक अक्षरे आणि आकडे दिसतात. मूळ मुद्रणावरून धातूचा साचा, त्यावरून दुसरा, आणि त्यावरून प्रत्यक्ष छापणारा ठसा अशी ही उतरंड असते. ठसा झिजला की नवा घ्यावा लागतो. कुठली प्रत कुठल्या ठशातून निघाली याची नोंद या पट्ट्यात असते. इंग्लंडमधल्या कारखान्यात ठशाचा क्रमांक लिहायला कंपनीच्याच नावातली दहा अक्षरे वापरत: ‘जी’ म्हणजे १, ‘आर’ म्हणजे २, ‘ए’ म्हणजे ३. ही खूण कळली की प्रत पहिल्या ठशाची की बऱ्याच नंतरची, ते सांगता येते.

या आकड्यांमागे कधी कधी वेगळे संगीतही दडलेले असते. बीटल्सचा ‘रिव्हॉल्व्हर’ १९६६ मध्ये निघाला. त्याच्या इंग्लंडमधल्या मोनो आवृत्तीच्या दुसऱ्या बाजूवर ‘एक्सईएक्स ६०६-१’ असा क्रमांक असेल, तर शेवटचे ‘टुमॉरो नेव्हर नोज’ हे गाणे इतरांच्या प्रतीपेक्षा निराळे ऐकू येते. छपाई सुरू झाल्यावर त्या गाण्याचे मिश्रण बदलायचे ठरले आणि साचा बदलला गेला, पण तोवर काही प्रती निघाल्या होत्या. कलावंतांनी आधी काय ठरवले होते, हे ज्यांनी त्या प्रती सांभाळल्या त्यांच्यामुळे आपल्याला ऐकता येते.

बाजारभावाचा मुद्दा आम्ही बाजूला ठेवतो. बीटल्सच्या १९६८च्या पांढऱ्या कव्हरच्या अल्बमवर अनुक्रमांक छापलेले होते. त्यातली पहिल्या क्रमांकाची, रिंगो स्टारकडची प्रत २०१५ मध्ये ७ लाख ९० हजार डॉलरला विकली गेली. त्या किमतीने संगीताच्या ज्ञानात काडीचीही भर पडली नाही. ‘६०६-१’ने पडली. छंदाचे मोल यावर ठरावे, असे आम्हाला वाटते.

हे सगळे सातारा-सांगलीच्या वाचकाला सांगायचे कारण आपल्याच भागात आहे. भारतात ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांच्या गाण्याने रुजले, पण तबकड्या छापून येत जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. गाण्याच्या शेवटी गायिका स्वतःचे नाव उच्चारत असे, कारण परक्या मुलखातल्या कारागिराला लेबल कुणाचे लावायचे ते कळायला हवे. १९०८ मध्ये कोलकात्यात कारखाना निघाला आणि तेव्हापासून काही रेकॉर्डच्या हॅनोव्हरच्या व कोलकात्याच्या अशा दोन्ही छपाया सापडू लागल्या.

मिरजेला स्थायिक झालेले गायक अब्दुल करीम खाँ विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात ध्वनिमुद्रित झाले. मग मोठा खंड पडला. आज आपण ऐकतो ते त्यांचे बहुतेक गाणे १९३०च्या दशकाच्या मध्यावर ओडियन कंपनीने मुद्रित केलेले आहे. १९३७ मध्ये खाँसाहेब गेले. तीच मुद्रणे पुढे कोलंबियाच्या लेबलावर आली, मग एलपीवर, मग कॅसेटवर. दर पायरीला कुणीतरी ती जुन्या तबकडीवरून नव्याने उतरवून घेतली. इथेच घोटाळ्याला वाव असतो. ७८ऐवजी तबकडी साधारण साडेब्याऐंशी फेऱ्यांनी फिरली, तर गाणे अर्ध्या स्वराने चढते आणि लयही तेवढीच पळते. मुळातच उंच पट्टीत, धारदार आवाजात गाणाऱ्या गायकाच्या बाबतीत हा फरक थोडा नाही. खाँसाहेबांची खरी पट्टी कोणती, असा वाद पडला तर निवाडा एलपीवर होणार नाही. त्यासाठी जुनी ओडियन तबकडीच काढावी लागेल आणि ती नीट फिरवावी लागेल.

आपल्याच भागातल्या रहिमतपूरचे नाते नाट्यसंगीताशी आहे. कवी गिरीश यांचे पुत्र, नाटककार वसंत कानेटकर यांचा जन्म १९२०चा, रहिमतपूरचा. त्यांचे ‘मत्स्यगंधा’ १९६४ मध्ये रंगभूमीवर आले. पदे त्यांनीच लिहिली, संगीत जितेंद्र अभिषेकींचे, आणि रामदास कामत व आशालता यांच्या आवाजात ती रेकॉर्ड आणि आकाशवाणीवरून घराघरांत गेली. दमदमच्या कारखान्यातून बीटल्सच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या निघत होत्या, तेव्हाचीच ही वर्षे. ७८च्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटे मावत, छोट्या ४५वर दोन पदे बसत आणि एलपीच्या एका बाजूवर वीस मिनिटांवर. रंगभूमीवर आळवून गायलेले पद तबकडीसाठी कुठे आखडले, कुठली तान गेली, हे वेगवेगळ्या छपाया शेजारी ठेवूनच समजते. परदेशात एका रॉक अल्बमच्या लेबलावरच्या रंगबदलांवरही लोक काटेकोर याद्या करतात. मराठी नाट्यगीतांना तेवढे लक्ष अजून मिळालेले नाही. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने आणि डॉ. सुरेश चांदवणकर यांनी या दिशेने मोठे काम केले. पण माळ्यावरच्या पेट्या उघडायच्या त्या ज्याच्या त्यानेच.

त्या उघडताना थोडी काळजी घ्यावी. जुनी ७८ची तबकडी स्पिरिटने पुसू नये. सुतार पॉलिशसाठी लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो, आणि तबकडीतही लाखच आहे. एलपीची बारीक सुई ७८च्या रुंद खाचेत तळाशी घासते आणि नुसती खरखर ऐकू येते, म्हणून तबकडी खराब आहे असे ठरवून ती टाकू नये. रेकॉर्ड एकावर एक न रचता उभ्या ठेवाव्यात. फाटके कव्हरही टाकू नये, कारण अनेकदा वर्षाचा धागा तेच देते.

रहिमतपुरातल्या वाचनालयाने किंवा एखाद्या शाळेने एक वही घालावी, अशी आमची विनंती आहे. गावात कुणाच्या घरी कोणती रेकॉर्ड आहे, लेबल कोणते व कुठल्या रंगाचे, लेबलावरचा क्रमांक काय, आतल्या पट्ट्यातले आकडे काय आणि तबकडी कितपत शाबूत आहे, एवढेच त्यात उतरवावे. मालकी ज्याची त्याच्याकडेच राहू द्यावी. सुरुवात कानेटकरांच्या नाटकांतील पदांपासून करावी. आणि ज्यांच्या घरी अशी पेटी आहे त्यांनी ती भंगारवाल्याच्या तराजूत टाकण्याआधी निदान एकदा कुणा जाणकाराला दाखवावी.