मराठी पोरं टीममध्ये का नाहीत? आधी आपला टर्फ बघून या

१० डिसेंबरला चेन्नईत काय झालं ते आपल्या एकाही ग्रुपवर आलं नाही. म्हणून मी टाकतोय, उशिरा का होईना.

ज्युनियर हॉकी वर्ल्ड कप, म्हणजे एकवीस वर्षांखालच्या मुलांचा. तिसऱ्या जागेसाठी भारत विरुद्ध अर्जेंटिना. तीन क्वार्टर संपले तेव्हा आपण ०-२ ने मागे. तीनच दिवस आधी सेमीफायनलला जर्मनीने ५-१ असं धुतलेलं, म्हणजे पोरांची डोकी कुठे असतील विचार करा. आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत चार गोल! अंकित पाल, मनमीत सिंग, शारदानंद तिवारी, अनमोल एक्का. ४-२. कांस्यपदक. बाकावर कोच म्हणून श्रीजेश, जो आदल्या वर्षी पॅरिसमध्ये स्वतः गोलमध्ये उभा राहून ऑलिंपिक कांस्य घेऊन निवृत्त झाला.

२०२१ ला भुवनेश्वरमध्ये आपण चौथे होतो. २०२३ ला क्वालालंपूरमध्ये पुन्हा चौथे. त्यामुळे या पदकाची किंमत मोठी आहे. पण स्पर्धेआधी चॅनलवर बातमी कसली होती? पाकिस्तान येणार की नाही याची. तो आला नाही, त्याच्या जागी ओमान आला, आणि मग चॅनलवाल्यांचा हॉकीतला रस संपला.

असो. लिहायला बसलो ते एका कमेंटमुळे. मी दोन ओळी टाकल्या होत्या, त्याखाली आपल्याच एका मित्राने लिहिलं, "यात एक तरी मराठी नाव आहे का? मुद्दाम डावलतात आपल्या पोरांना." आणि त्याला पटापट ऐंशी लाइक. ऐंशी! पदकाला अकरा होते.

मी पण संघाची यादी वाचली. मराठी नाव मलाही दिसलं नाही. पण डावलतात म्हणणाऱ्यांना एक साधा प्रश्न. आदित्य लालगे कोण, सांगता येईल का? गूगल न करता.

२०२३ च्या त्याच ज्युनियर वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल. समोर नेदरलँड्स. मध्यंतराला आपण ०-२ ने मागे. तिथून सामना ४-३ असा फिरवला, आणि त्यातला पहिला गोल मारला तो आपल्या महाराष्ट्राच्या आदित्य अर्जुन लालगेने. मराठी पोरगा, वर्ल्ड कप, डचांविरुद्ध गोल. आपल्या शहरात एक फ्लेक्स लागला होता? नगरसेवकाच्या पुतण्याच्या वाढदिवसाला चौकात चार लागतात. त्या ऐंशी लाइकवाल्यांपैकी किती जणांनी तेव्हा एक ओळ लिहिली होती? खोटं कशाला बोलू, मीही लिहिली नव्हती.

म्हणजे पोरगा असतो तेव्हा आपल्याला माहीत नसतो, आणि नसतो तेव्हा आपल्यावर अन्याय झालेला असतो. सोयीचं आहे!

आता मुद्द्यावर येतो. मराठी पोरं का नाहीत ते बघायला दिल्लीला जायची गरज नाही. आपल्या शहरातला हॉकीचा टर्फ बघून या. हल्ली "टर्फवर जातोय" म्हटलं की लोकांना बॉक्स क्रिकेट वाटतं, तासाला पैसे भरून, चारी बाजूंनी जाळी. मी म्हणतोय तो हॉकीचा, ९१ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. तो पाण्यावर चालतो. खेळण्याआधी भिजवावा लागतो, एका वेळेला हजारो लिटर. ओला असला की चेंडू सरळ आणि वेगात जातो, पडलं तरी अंग घसरतं. कोरडा असला की चेंडू उसळ्या मारतो, पाय अडकतो, आणि पोरगा पडला की गुडघ्याची साल निघते. रोज कोरड्यावर सराव करणारा मुलगा ओल्या टर्फवर निवड चाचणीला गेला की पहिली दहा मिनिटं त्याला चेंडू थांबवताच येत नाही. चाचणी तेवढ्यातच होते, बाबांनो. डावलायला कोणी बसलेलं लागत नाही.

आपल्या टर्फवरचे फवारे गेली दोन वर्षं बंद आहेत. मोटर जळाली म्हणून अर्ज दिला, मग दुसरा दिला, मग "फाइल वर गेलीय" असं कळलं. वर म्हणजे कुठे ते कळलं नाही. दरम्यान मार्चमध्ये त्याच टर्फवर मंडप घालून सत्कार समारंभ झाला. खुर्च्यांच्या पायांनी पडलेली भोकं अजून आहेत, मोजायची असतील तर या, मी दाखवतो. कोणी म्हणेल, प्यायला पाणी नाही आणि तुम्हाला मैदान भिजवायचंय. प्रश्न खोटा नाही. पण मग पाणी द्यायचं नव्हतं तर पाण्याचा टर्फ घातला कशाला? उद्घाटनाच्या फोटोसाठी?

क्रिकेटने हॉकी मारली, हे रडगाणं मला पटत नाही. ओडिशात क्रिकेट नाही का? त्यांनी २०१८ पासून राष्ट्रीय संघांची स्पॉन्सरशिप घेतली, दोन सीनियर वर्ल्ड कप भरवले, आणि राउरकेलात वीस हजारांहून जास्त लोक बसतील असं हॉकीचं स्टेडियम बांधलं. एक्का, तिर्की, लाकडा ही आडनावं त्या ओडिशा-झारखंडच्या पट्ट्यातली. सुंदरगड जिल्ह्यात हॉकी आधीपासून गावागावात होती. सरकारने फक्त तिच्याकडे पाठ फिरवली नाही. आणि राज्याच्या अर्थव्यवस्थेचं म्हणाल तर महाराष्ट्र देशात पहिला. कशात कमी आहोत आपण?

आपल्याकडे मुळं नव्हती असंही नाही. धनराज पिल्ले खडकीचा. घरी तमिळ, पण वाढला खडकीतच. मोडक्या स्टिका बांधून खेळायला शिकला आणि चार ऑलिंपिक खेळला. आपण मात्र अजून त्याच गोष्टीवर जगतोय, पोरांनी मोडक्या स्टिकने खेळून मोठं व्हावं म्हणजे आपल्याला भाषणात सांगायला बरं.

ज्युनियर स्पर्धेचं काय एवढं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. २०१६ ला लखनौमध्ये भारताने बेल्जियमला २-१ हरवून हाच कप जिंकला. त्या संघात हरमनप्रीत, मनदीप, सुमित, गुरजंत, सिमरनजीत, नीलकांत, वरुण होते. पाचच वर्षांनी टोकियोत ४१ वर्षांनंतरचं हॉकीचं पहिलं ऑलिंपिक पदक आलं, तेव्हा ही सगळी नावं संघात होती. म्हणजे आज जी पोरं चौदा-पंधराची आहेत, ती पुढच्या एखाद्या ज्युनियर वर्ल्ड कपची. आपल्या टर्फवर संध्याकाळी पंचवीसेक येतात. त्यातली तीन-चार खरंच चांगली आहेत. मी हॉकी थोडीफार खेळलोय, एवढं मला कळतं. एक जण बहिणीच्या स्कूटीवर मागे बसून येतो, गोलकीपर आहे. पॅड दोघांत एक जोडी. एक उभा राहतो तेव्हा दुसरा बाहेर बसतो.

महापालिकेचं मतदान आलं की सगळे पक्ष आपल्या दारात येणार, हात जोडणार, पाया पडणार. मी प्रत्येकाला तीनच गोष्टी विचारणार आहे. मोटर कधी बसवणार, तारीख सांगा. टर्फवर मंडप घालणार नाही असं लिहून देणार का. आणि गोलकीपरच्या पॅडची दुसरी जोडी कोण देणार. जो जे म्हणेल ते नावासकट इथे टाकतो. तुमच्या वॉर्डात कोणी आलं तर तुम्हीही विचारा आणि उत्तर खाली कमेंटमध्ये लिहा.

"मराठी पोरांना डावलतात" लिहिणाऱ्या मित्रालाही आमंत्रण आहे. रविवारी सकाळी साडेसहाला टर्फवर. बादल्या घेऊन ये, आम्ही डी पुरता तरी भिजवतो हाताने.